दोन पायल्या कोळपी घेऊन चिंचणीला

पाहुण्यांच्या आधी कोण हजर झालं, तर रतनी. नाशिकच्या गाडीने अजून तलासरीचा नाकाही ओलांडला नव्हता आणि ही बया माझ्या ओटीवर पाय पसरून बसलेली. म्हणे, पाहुणे यायचेत ना, भाकऱ्या थापायला हात लावते. शेजारणीचा हात भाकरीला आणि डोळा डब्यांवर, हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे. पण त्या दिवशी तिच्या पोटात वेगळंच होतं. दोन भाकऱ्या झाल्या आणि तिने ते बाहेर काढलं.

"परवा डहाणूच्या बाजारात तुझी हिरू बघितली. चांगली धट्टीकट्टी आहे. केसांत अबोलीचा गजरा होता."

माझ्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला.

हिरू म्हणजे चिंचणीची हिरू, मासळीवाली. चाळीस वर्षं झाली असतील. आगोट लागायच्या आधी, म्हणजे सगळे पावसाळ्याची बेगमी करतात त्या दिवसांत, ती सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या पाड्यावर चढायची. आधी वाणगावपासून मिळेल ते वाहन, मग पायी. आमचा पाडा तलासरीच्याही वर, उधव्याच्या बाजूला डोंगरात. तिथवर चढून यायचं म्हणजे गंमत नाही. आमच्यात पैशाचं काम नव्हतं. ती बोंबील द्यायची, मी तांदूळ द्यायची. एक रात्र राहायची, नवऱ्याला शिव्या घालायची, माझ्याकडून माझ्या नवऱ्याला दोन घालून घ्यायची, आणि सकाळी तांदूळ डोक्यावर घेऊन उतरायची. गेली दोन वर्षं ती आलीच नाही. पहिल्या वर्षी मी म्हटलं, गुडघे गेले असतील. दुसऱ्या वर्षी म्हटलं, बाईच गेली असेल. खोटं कशाला सांगू, पितरपाटात मी एक घास तिच्या नावाने बाजूला काढून ठेवला होता. कावळ्याने खाल्लाही.

जिवंत बाईला मी पितरांत बसवून मोकळी झाले, आणि ही बाजारात गजरा माळून फिरते. तेव्हाच मी ठरवलं की आता जाऊन हिला विचारायचं. तर या सहलीची सुरुवात अशी रागातून झाली. माझी नात सुरेखा कॉलेजात आहे, तिचं इंटरनेटवर लिहायचं पान आहे. ती म्हणाली, आजी, तू वहीत लिही, मी टाकते, डहाणूला जाणाऱ्यांना उपयोग होईल. म्हणून लिहिते. उपयोग होईल तो घ्या.

आता पाहुणे. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू नीलेश, नाशिकला नोकरीला. त्याची बायको पल्लवी. आणि पल्लवीची आई. त्या शाळेत शिकवायच्या, आता घरी असतात, पण शाळा काही अंगातून गेलेली नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. ही गोष्ट दोन हजार अठराच्या नाताळच्या सुट्टीतली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा करत साडेपाच तासांत पोचले. घाट आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी मोखाड्याच्या आधी काही खाऊ नये. पल्लवीने खाल्लं होतं.

बाईंनी येताना छापील कागद आणला होता. त्यावर "समुद्रकिनारे आणि वारसा" असं लिहून खाली आकडे घालून ठिकाणं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण वाचता येतं मला. कागदावर महालक्ष्मी होती, डहाणूचा किल्ला होता, चिकूच्या वाड्या होत्या, पारशांची घरं होती, वाढवणचा शांत किनारा होता. आमच्या ताटातली नागलीची भाकरी बघून बाई म्हणाल्या, हे तर सुपरफूड, नाशिकला याची बिस्किटं केवढ्याला मिळतात माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत आहे की माझी मुलं शाळेत डब्यात नागली न्यायची तेव्हा पोरं त्यांना काळी भाकरी म्हणून चिडवायची आणि माझा मधला डबा वाटेतच कुत्र्याला घालायचा. आता तीच भाकरी बाईंनी मोबाईलवर चार बाजूंनी टिपली. राग यावा की हसू, ते मला अजून कळलेलं नाही.

मी सांगून टाकलं की मीही येणार, मला चिंचणीला सोडा. नीलेश म्हणाला, वाटेवरच आहे आजी. मग मी कणगीतून दोन पायल्या कोळपी काढली. कोळपी हा आमच्याकडचा जुना तांदूळ, बारका, शिजला की शेजारच्या घरी कळतो. हिरूला तोच लागायचा. पायली शिगोशीग भरायची, म्हणजे मापाच्या वर डोंगर झाला पाहिजे, आणि त्याच्यावर पुन्हा ओंजळ टाकायची, सांडली तरी चालेल. माझ्या सासूने मला तसं शिकवलं. माझी सून मथी तिथेच उभी होती. मी हिरूचं नाव घेऊन बोटं मोडत होते आणि ती काहीच बोलली नाही. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला निघायचं होतं, साडेनऊला निघालो. बाईंना आंघोळीला पाणी कढत लागतं आणि पल्लवीला माझ्या चुलीचे फोटो हवे होते. चुलीचे, माझे नाही. मी मध्ये आले तर म्हणते, आजी, जरा बाजूला होता का. माझ्या चुलीपासून मला बाजूला करणारी ही पहिलीच. पण गाडीत तिने मला पुढे बसवलं, खिडकीजवळ, म्हणून मी तेवढ्यापुरतं विसरले.

उधव्याकडून तलासरीपर्यंतचा रस्ता, ज्यांच्या कमरेत चमक आहे त्यांनी विचार करून यावं. तलासरीच्या नाक्यावर पेट्रोल, हवा, चहा सगळं मिळतं. तिथून हमरस्ता, तो लोण्यासारखा. मुंबईच्या दिशेला आलं की महालक्ष्मीचं देऊळ. खणा-नारळाची ओटी साठ रुपये, गाडी लावायचे वीस. चैत्रात इथे यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. नाताळात देवी मोकळी असते, निवांत दर्शन होतं. बाईंनी कागद काढून सांगितलं की हे अमुक शतकातलं वगैरे. मी म्हटलं, ते असेल, पण खरी गोष्ट ऐका. देवी आधी वर डोंगरावर होती. एक पोटुशी बाई तिच्या दर्शनाला चढत होती, घेरी येऊन पडली. देवी म्हणाली, तू आता चढू नकोस, मीच खाली येते. म्हणून देऊळ पायथ्याला आहे. बाई म्हणाल्या, ही दंतकथा झाली. देवी स्वतः उतरून आली तरी हिला दाखला हवा.

चारोटीवरून डहाणूला आत वळायचं. अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. वाटेत चिकू घेतले, चाळीस रुपये किलो, आणि विकणारीने वर दोन टाकले. वर टाकणं अजून कुठेतरी आहे, हे बघून मला बरं वाटलं.

राहायची सोय पारनाक्याजवळ, चिकूच्या वाडीतल्या घरात. एका खोलीला बावीसशे रुपये, सकाळचा नाश्ता धरून. बावीसशे रुपयांत काय दिसलं ते सांगते. भिंतीला नवंकोरं सूप टांगलेलं, त्यात कधी दाणा पडलेला नाही. जातं होतं, त्याच्या तोंडात शोभेचं झाड लावलेलं. पाट्यावर वरवंटा चिकटवून टाकलेला, कुणी उचलू नये म्हणून. आणि जेवायला विचारलं तर चायनीजही मिळेल म्हणाले. तिथली कामाची मुलगी कैनाडची होती, तिने माझ्याकडे बघून हळूच तोंडाला पदर लावला. आम्ही दोघी त्या जात्याकडे बघून जे हसलो, त्याचे मात्र बावीसशे वसूल झाले.

दोन वाजता बाई म्हणाल्या, आता किनारा. गेलो. किनारा नव्हता. वाळूच नव्हती. समुद्र थेट बांधावर येऊन धडका मारत होता आणि पल्लवी नव्या चपला हातात धरून उभी. बाईंनी कागद बघितला, मग समुद्राकडे बघितलं, जणू चूक समुद्राची. त्यांचा संताप अनावर झाला. एवढ्या लांबून आलो आणि बीचच नाही, वगैरे. तिथे चहाची टपरी चालवणारी एक बाई होती, ती गाळणं हलवत म्हणाली की तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज तीज. तीन पाऊण सव्वादोन. सहा तासांनी ओहोटी. एवढं बघून घराबाहेर पडायचं.

मी तर थक्क झाले. म्हणजे दत्तजयंतीची पुनव होऊन तीन दिवस झाले हे मला पाठ, कुठल्या तिथीला काय पेरायचं, कधी कोंबडी बसवायची, सगळं पाठ, पण समुद्रही आमच्याच तिथीवर चालतो हे मला सत्तरीत कळलं. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर राहते मी. कुणी सांगितलं नाही म्हणून मला रागच आला, पण कुणावर काढायचा? तर वाचणाऱ्यांनो, कॅलेंडरात तिथी बघा आणि पावकी-पाऊणकी येत असेल तर मोबाईलची गरज नाही. येत नसेल तर चहावालीला विचारा, चहा दहा रुपये.

संध्याकाळी सहाला पुन्हा गेलो तेव्हा समुद्र बराच मागे गेला होता. वाळू काळसर, ओली, चालताना गार लागते. मी आयुष्यात चौथ्यांदा समुद्रात पाय घातले. पहिल्या तीन वेळा देवाचं काहीतरी विसर्जन करायला गेले होते, तेव्हा लक्ष देवाकडे. यावेळी नुसती उभी राहिले. लाट जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि आपण उभ्या उभ्या खचतो, ते मला इतकं आवडलं की मी पल्लवीचा हात धरून लहान मुलीसारखी हसत होते. तिने तेव्हा फोटो काढला. त्यात मी आहे. कुणी बाजूला हो म्हटलं नाही.

जेवताना मात्र ठिणगी पडली. बाईंनी कागदावर रेघ मारली आणि म्हणाल्या, उद्या आपण उत्तरेला जाऊ. बोर्डी, मग तसंच पुढे पारशांचं जुनं गाव. चिंचणी राहू दे, तिथे सुकत घातलेल्या मासळीचा वास फार असतो, पल्लवीला आधीच उलटी झाली आहे. नीलेश ताटात बघत बसला. हा मुलगा माझ्या बहिणीवर गेला आहे, अडचण आली की जेवणात लक्ष घालतो.

मी म्हटलं, "बाई, माझे तांदूळ तुमच्या गाडीत तुमच्या आधी चढलेत. ते जिथे उतरायचेत तिथे मी उतरणार. गाडी नसेल तर रिक्षाने जाईन."

बाई म्हणाल्या की एवढं काय आहे त्या मासळीवालीत, बोंबील इथेही मिळतात. आता हे त्यांना कसं सांगणार? बोंबील तर तलासरीच्या बाजारातही मिळतात. माझं डाळ-तांदळावर काही अडलेलं नाही. चाळीस वर्षं जी बाई माझ्या ओटीवर झोपली ती मला न सांगता तुटली, आणि मी कारण न कळता मरायचं का? मला तिच्याकडून उत्तर हवं होतं आणि चार शिव्या द्यायच्या होत्या. हे मी बोलले नाही. पण पल्लवी म्हणाली, आई, आपण आजींच्या घरी दोन दिवस जेवलो, कागद नंतर. पोरीच्या पोटात काही टिकत नसलं तरी तिच्या तोंडात शब्द आहे. मला तिचं फार बरं वाटलं.

सकाळी आधी डहाणू गावातला किल्ला. तिकीट नाही. मला वाटलं, कुठला वेगळा किल्ला असेल, बघते तर तोच. त्यात पूर्वी कचेरी होती. तलासरी तालुका वेगळा झाला नव्हता तेव्हा आमचं प्रत्येक कागदाचं काम डहाणूलाच. सातबाऱ्यासाठी मी इथे मांडीवर मूल घेऊन बसलेली आहे, भिंतीला पाठ लावून. बाई म्हणाल्या, हा आपला वारसा आहे, भिंतीला हात लावू नका. मी म्हटलं, बाई, या भिंतीला माझी पाठ लागून लागून गुळगुळीत झाली असेल. त्या हसल्या. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या, म्हणून नोंदवते.

तिथून वाढवण. रस्ता अरुंद पण सुंदर, एका बाजूला वाड्या, मध्येच समुद्र दिसतो, मध्येच लपतो. ओहोटी होती, खडक उघडे पडलेले, बाया खडकांत वाकून कालवं काढत होत्या. भिंतींवर ठिकठिकाणी बंदर नको म्हणून लिहिलेलं. बाईंना काही माहीत नव्हतं. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, हा किनारा इतका शांत कसा, इथे पर्यटक का येत नाहीत. तो सुई न थांबवता म्हणाला, "बघायचं ते बघून घ्या. इथे मोठं बंदर करायचं म्हणतात. आम्ही होऊ देणार नाही म्हणतो. तुमच्या कागदावर काय लिहिलंय?" बाईंनी कागद पर्समध्ये घातला. म्हातारा नंतर मला म्हणाला की आजी, कुठल्या, आणि डोंगरातली म्हटल्यावर त्याने दोन मोठे खेकडे दिले, पैसे घेतले नाहीत. पैसे देते म्हटलं तर रागावला. या बाजूची माणसं अशी चटकन रागावतात, आमच्यासारखीच.

आता चिंचणी. वासाचं बाई खोटं बोलल्या नव्हत्या. पण मला तो वास वास वाटत नाही. तो हिरूच्या पाटीचा वास, पावसाळ्यातल्या आमच्या स्वयंपाकाचा वास. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, आडव्या बांबूंच्या ओळीच्या ओळी, वाऱ्याने हलतात तेव्हा कुणीतरी कुजबुजल्यासारखा आवाज येतो. बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि गाडीतच बसल्या. पल्लवी मात्र उतरली. हिरूचं घर विचारलं तर तीन बायकांनी तीन दिशा दाखवल्या आणि चौथीने हाताला धरून नेलं.

हिरू दारात बसून सुकट निवडत होती. गजरा नव्हता, पण रतनीने सांगितलेली धट्टीकट्टी खरी. तिने मला बघितलं. उठली नाही. हात चालूच. मी सगळ्या वाटेत शिव्या जुळवून ठेवल्या होत्या, एकीमागोमाग एक, आणि तिने न उठल्यामुळे त्या सगळ्या एकदम वर आल्या. तू मेलीस असं समजून मी तुला पितरांचा घास घातला, आणि तू इथे सुकट निवडतेस, असं बरंच. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. नीलेश तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन उभा, त्याला खाली ठेवायचंही सुचेना.

माझं सगळं होऊ दिलं तिने. मग म्हणाली, "तुझ्या घरात काटा आला ना? मग मी कशाला येऊ?"

मला कळेना कसला काटा. तेव्हा तिने सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी ती शेवटची आली तेव्हा मी घरी नव्हते, मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. घरात मथी होती. मथीने चहा दिला, जेवायला वाढलं, सगळं केलं. आणि तांदूळ देताना पायली घेतली नाही. माझ्या मुलाने मिरची विकायला हुकाचा आकडेवाला काटा आणला आहे, त्याच्यावर पिशवी अडकवली, आकडा बघितला, दोन मुठी काढल्या, पुन्हा बघितलं, एक मूठ टाकली, आणि बरोबर वजन करून दिले.

"मी कधी तुला बोंबील तोलून दिले गो? माझ्या हाताला आलं ते तुझ्या पदरात टाकलं. आणि तुझ्या घरी माझ्यासमोर मुठी काढल्या. मुठी काढल्या, बाय."

गल्लीतल्या बायांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला जमिनीत जावंसं वाटलं. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांना वाटेल, तोललं तर काय झालं, तोल तर खराच असतो. पण शिगेचं माप आपल्या माणसाला. काटा परक्याला, बाजाराला. माझ्या घरात तिला बाजारात काढून बसवली होती. मथीला हे मी शिकवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, माप भरताना बघून बघून येईल.

तरी माझा राग गेला नव्हता. मी म्हटलं, सुनेची चूक, मला का तोडलंस, एकदा येऊन सांगायचंस. तेव्हा हिरूचे हात थांबले.

"चाळीस वर्षं मी चढले. पोटात पोर असताना चढले. रस्ता एकाच बाजूने आहे का? तू एकदा तरी उतरलीस?"

खरंच नव्हते उतरले. तिचं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. तिच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा तिने बोलावलं होतं, माझी लावणी होती. तिचा नवरा समुद्रावरून आला नाही तेव्हा तिने निरोप धाडला होता, माझी कापणी होती. दर वेळी माझ्या शेताला काहीतरी होतंच. आणि दोन वर्षं ती आली नाही तर मी तिला मेलेली समजले, पण चिंचणीची गाडी काही धरली नाही. तलासरीहून डहाणू, डहाणूहून चिंचणी, एसटीने निघालं तरी दुपारपर्यंत पोचतं माणूस. गाड्यांच्या वेळा मी चौकशी करून सुरेखाला लिहून ठेवायला सांगितल्या आहेत, तुम्हालाही लागतील.

मी तिच्या शेजारी खाली बसले. बराच वेळ दोघी सुकट निवडत होतो. सुकटीत बारके खडे येतात, ते काढावे लागतात. मग ती म्हणाली, गोणीत काय आणलंस. मी म्हटलं, कोळपी, शिगेने भरलेली आहे. ती म्हणाली, गोणीत शीग दिसते का? तिचं बरोबर होतं. मी नीलेशच्या खांद्यावरची गोणी उतरवून घेतली. तिने परात आणून ठेवली. परात भरली, वर डोंगर झाला, डोंगरावरून तांदूळ घरंगळून अंगणात गेले, कोंबड्या धावल्या, तरी मी दोन्ही हातांनी ओतत राहिले. गोणी झटकली. हिरू म्हणाली, बास झालं, कोंबड्यांना अपचन होईल. तेव्हा ती हसली आणि तेव्हाच तिने मला चहा विचारला. आधी विचारला नव्हता. माझ्याही ते लक्षात होतं.

इकडे बाई गाडीतून उतरून आल्या होत्या, कंटाळून असेल. आल्या आल्या त्यांनी विचारलं, बोंबील किलोला काय भाव. मी डोळे मिटले. पण हिरू म्हणाली, बाजारात ज्या भावाला जातात तो भाव मी बाजारात घेते, इथे तुम्ही हिच्या आहात, पदर पुढे करा. बाईंना पदर नव्हता, ड्रेस होता. त्यांनी ओढणी पुढे केली. हिरूने दोन्ही हात भरभरून टाकले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि बाई नको नको म्हणत राहिल्या, पण ओढणी काही मागे घेतली नाही. नाकावरचा रुमाल कुठे गेला देव जाणे.

जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढवणचे खेकडे तिने रांधले. ते कसे झाले होते हे मी लिहिणार नाही, तुम्हाला मिळायचे नाहीत, उगीच जीव जळेल. निघताना ती वेशीपर्यंत आली.

परतीला वाणगावमार्गे हमरस्त्याला लागलो. सगळ्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या. सुक्या मासळीला तीन पिशव्या एकात एक घालाव्या, तरी वास येतो, आपल्या गाडीवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनी टपावर बांधावी.

घरी आले ती तापलेलीच. मथीला दारातच धरलं. काटा कुठे आहे म्हटलं. तिने आणून दिला आणि म्हणाली, "आत्या, मला पायलीचा अंदाज येत नव्हता. हिरूमावशीला कमी जायला नको म्हणून तोलले. दर वर्षी तुम्ही किती देता ते आठवून किलोभर जास्तच धरले होते. मुठी काढल्या त्या कणी दिसली म्हणून." आणि रडायला लागली. तोलताना मावशीचं उतरलेलं तोंड तिने बघितलं होतं, त्यामुळे मावशी का येत नाही ते तिला दोन वर्षं कळत होतं म्हणे, पण मला सांगायची तिची छाती झाली नाही, कारण मी रागीट आहे. मी रागीट आहे हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. शिव्या द्यायला आता कुणी उरलं नव्हतं. मी तिला पायली दिली, कणगीजवळ बसवलं आणि शीग कशी चढवायची ते शिकवलं. पहिल्या चार वेळा ढासळली. तांदूळ जास्त दिले गेले तर दिले गेले, पण ढासळल्यावर हात फिरवून समतळ करायचं नाही, एवढं सांगितलं.

खर्चाचं सुरेखाने विचारलं. नीलेशने केला, मला हिशेब दिला नाही. वारशाचं म्हणाल तर किल्ला बघा, देऊळ बघा, वाड्या बघा, तिथी बघून समुद्रावर जा. आणि तुमच्या घरी जो कुणी चाळीस वर्षं येत असेल त्याच्या घरी एकदा जाऊन या, कागदावर नसलं तरी. मी या होळीनंतर पुन्हा चिंचणीला जाणार आहे, एकटी, एसटीने. शेताला सांगून ठेवलं आहे की तेव्हा काही काढू नकोस.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. बाईंचा नाशिकहून फोन आला, बोंबील संपले. सुट्टी लागली की येतो म्हणाल्या, आखातीजेला. हिरूनेही वेशीवर तोच दिवस सांगितला होता, आखातीज झाली की दुसऱ्या दिवशी, आगोटीचे बोंबील घेऊन. मथीने कॅलेंडरात बघितलं. आखातीज मंगळवारी आहे. हिरू बुधवारी, आठ मेला येते.